कमरेला चिकू बांधून काट्यावर

"मावशी, तुम्ही कुपोषित आहात," दवाखान्यातल्या समुपदेशक ताई म्हणाल्या. माझा कानांवर विश्वास बसेना. आमच्या डहाणू-तलासरीकडे हा शब्द अंगणवाडीतल्या पोरांसाठी. माझं वय बेचाळीस!

एचआयव्हीचं निदान जुनं होतं, त्याचं रडून झालं होतं. एआरटी, म्हणजे विषाणूला दाबून ठेवणाऱ्या रोजच्या गोळ्या, मी एकदाही चुकवल्या नाहीत. वायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणू, इतका कमी की तपासणीत सापडत नव्हता. मग हे काय नवीन?

खरं सांगते, लबाडी माझीच होती.

मी घोलवडला चिकूच्या पॅकिंगला जाते. दिवाळीनंतर मला भरलेला क्रेट एकटीला उचलेना. मुकादम म्हणाला, "बेन, असंच चाललं तर पुढच्या सीझनला येऊ नका." नवरा गेल्यापासून घर या कामावर चालतं. वजन घटलेलं दिसलं तर दवाखानावाले मोठ्या इस्पितळात पाठवतील, खाडे होतील, काम जाईल, ही धास्ती. म्हणून तपासणीला जाताना साडीच्या आत कमरेला पिशवी बांधली आणि तिच्यात चिकू भरले. कच्चेच, पिकलेले फुटले असते. काट्यावर वजन अगदी मागच्याइतकं! मी मनात खूश.

पण ताईंनी मुआक टेप काढली. ही दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी. ती लालवर थांबली. ताईंनी काट्याकडे पाहिलं, माझ्या दंडाकडे, मग कमरेकडे.

"मावशी, काय लपवलंय?"

मी पिशवी टेबलावर ठेवली. ताई तोंडावर हात धरून हसायला लागल्या. मीही हसले आणि हसता हसता रडूच कोसळलं. मग पुन्हा वजन झालं, आणि तो कुपोषणाचा शब्द आला.

छातीचा एक्स-रे, थुंकी, रक्त, सगळं तपासलं; या आजारात वजन घटलं की आधी टीबीची शंका. टीबी नाही हे कळेपर्यंतचे तीन दिवस फार वाईट गेले. डॉक्टर म्हणाले, "गोळी विषाणूशी लढते. अंगावर मांस ती कुठून आणणार? दुपारी काय खाता?"

"काही नाही."

शेडमध्ये बायका गोल बसून एकमेकींच्या डब्यात हात घालतात. माझ्यामुळे कुणाला काही व्हायला नको, म्हणून मी 'उपास आहे' सांगून बाजूला बसायची. दोन वर्षं! एवढे उपास देवानेही मागितले नसतील. सोबत जेवल्याने हा आजार लागत नाही, हे शंभरदा ऐकलं होतं, पण मनाला पटलं नव्हतं. ताईंनी ते पुन्हा समजावलं आणि सगळ्यांसोबत जेवायचं माझ्याकडून कबूल करून घेतलं.

आता सकाळी नाचणीची भाकरी आणि अंडं, पदराच्या गाठीत शेंगदाणे, डब्यात भात, डाळ, सुका बोंबील. पहिल्या दिवशी गोलात बसले, तर आशागडच्या जशूबेनने न विचारता माझा बोंबील उचलला. मी डबा मागे ओढायला गेले.

"एवढा मस्त बोंबील करते ने रोज उपास?" ती तिच्या गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाली. मी डबाच तिच्यापुढे सरकवला. इतकं पोटभर मी कित्येक दिवसांत जेवले नव्हते.

तुम्हीही या गोळ्या घेत असाल, तर काट्याला फसवू नका. दंड मोजून घ्या आणि दुपारी चारचौघांत बसून जेवा. त्या ताईंचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

चार महिन्यांनी टेप हिरव्यावर आली. त्याच आठवड्यात ट्रक भरताना मी भरलेला क्रेट एकटीने उचलला आणि फळीवर चढवला. मुकादम हातातलं काम टाकून उभा.

"बघताय काय, भाऊ?" मी म्हटलं. "दुसरा द्या!"