हत्तीच्या पावलांचा आवाज

तरसाने हाड फोडलं की त्या संध्याकाळी घरी गाजराची भाजी व्हायची. सिंहिणीने रानरेड्याची मान मोडली की सिमला मिरची. मगरीच्या जबड्यात कुणी सापडलं तर कोबी, आणि तोही आधीच चिरडलेला, म्हणजे चिरायचे कष्ट वाचले. सासूबाई ताटाकडे बघायच्या आणि विचारायच्या, "आज कोण मेलं?"

"झेब्रा," बाई सांगायच्या.

"मीठ कमी आहे झेब्र्यात."

बाईंचा धंदा हाडं मोडण्याचा. तळघरातल्या त्या स्टुडिओत त्यांना खऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे. सगळ्यांच्या तोंडी एकच, हाडमोडेबाई. आपण टीव्हीवर जंगलाची फिल्म बघतो तेव्हा वाटतं, कॅमेरावाला सिंहिणीच्या शेजारी मांडी घालून बसलाय. तो शहाणा माणूस बसलेला असतो पार लांब टेकडीवर, गाडीच्या काचा वर करून. भिंग एवढं दांडगं की सिंहिणीच्या मिशा मोजाव्यात, पण तिचं चावणं तिथवर ऐकू येईल कसं? माइकमध्ये येतो तो वारा, आणि कॅमेरावाल्याच्या रिकाम्या पोटाची तक्रार. मग ती मुकी शिकार शहरातल्या तळघरात येते. तिथे एक मध्यमवयीन बाई, चष्मा कपाळावर चढवून, मऊ सुती कपड्यात (रेशीम सळसळतं, म्हणून बंदी), पडद्याकडे बघत बघत कचाकच गाजर मोडते. आणि घरोघरी लोक सोफ्यावर पाय वर घेऊन म्हणतात, "बापरे, निसर्ग किती क्रूर!"

निसर्गाची सगळी क्रूरता भाजीबाजारातून पिशवीत घालून यायची.

त्या खोलीत पंखा नव्हता. पंख्याची घरघर ध्रुवावर ऐकू आली असती. घाम पुसत बाई मक्याच्या पिठाची पिशवी दाबायच्या, की अस्वल बर्फातून चालायचं. मोडकी छत्री भराभर उघडमीट केली की गिधाडांचा थवा उडायचा. रिकाम्या बादलीत तोंड घालून घशातून खर्ज काढला, आणि मग रेकॉर्डिस्टने त्याची टेप सावकाश फिरवली, की चित्ता डरकाळी फोडायचा. आणि हत्ती? हत्ती हा बाईंचा मानाचा तुरा. जाड कापडात शिवलेल्या वाळूच्या दोन पिशव्या लाकडी खोक्यावर आपटल्या की धप्प. असं धप्प, की प्रेक्षकाच्या हातातला चहा हिंदकळावा.

जनावरांबद्दलचं बाईंचं ज्ञान निवेदकाकडून कानावर पडलेलं, आणि त्याचा उपयोग मुख्यतः घरी. नर सिंह दिवसातले वीस तास लोळून काढतो, शिकार बहुतेक वेळा माद्या करतात आणि जेवायला मात्र तो आधी बसतो, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांना काडीचंही नवल वाटलं नाही. त्यांचे यजमान घरी होते. ते बोलत नसत, घोरत नसत, चालत तेही मांजरीच्या पावलांनी. स्वयंपाकघरात पाठमोऱ्या उभ्या बाईंना कळायचंही नाही, की डबा उघडला गेलाय आणि शेंगदाणे संपलेत. उलट पेंग्विनचा बाप पायांवर अंडं घेऊन, दोन-दोन महिने उपाशी, बर्फाच्या वादळात उभा राहतो, हे ऐकल्यावर बाईंच्या तोंडून असा सुस्कारा निघाला की रेकॉर्डिंग थांबवावं लागलं.

"बाई, सुस्कारा आला आत," रेकॉर्डिस्ट म्हणाला. त्याला सगळे कानसेन म्हणत.

"राहू दे. पेंग्विनच्या बायकोचा म्हणून चालेल."

असं सगळं सुरळीत चाललं होतं. मग स्टुडिओच्या मालकांचे, थोरल्या साहेबांचे, गुडघे गेले आणि खुर्चीत त्यांचा पुतण्या येऊन बसला. त्याला धाकटे साहेब म्हणायचं ठरलं. धाकटे साहेब शिकून आले होते. पहिल्याच दिवशी ते तळघरात उतरले, गाजराच्या जुडीकडे नजर टाकली आणि विचारलं, "ही डब्याची तयारी का?"

"हे तरस आहे," बाई म्हणाल्या.

धाकटे साहेब हसले नाहीत. बाईंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला.

"बाई, राग मानू नका. पण हे सगळं खोटं आहे."

"साहेब, खोटंच आहे. खऱ्याला भाजी कशाला लागते?"

"चित्ता डरकाळी फोडतच नाही. त्याला ती येतच नाही. तो पिल्लांना हाक मारतो ती पाखरासारखी. चिवचिव."

"चित्ता."

"चित्ता."

"चिवचिवतो."

"हो! आणि हत्तीच्या पावलांचा आवाज होत नाही. त्याच्या तळव्यात चरबीची जाड गादी असते. पाऊल टेकलं की पसरते, उचललं की आवळते. अख्खा कळप मागून गेला तरी कळत नाही."

आता मात्र बाईंना राहवलं नाही. "साहेब, आमच्या सासूबाई पंचेचाळीस किलोच्या. त्या मोरीपर्यंत गेल्या तरी खालच्या मजल्यावरचे लोक छताकडे बघतात. आणि पाच टनांचा हत्ती चोरपावलांनी जातो म्हणता?"

धाकट्या साहेबांनी सासूबाईंच्या तळव्यांविषयी मत दिलं नाही. त्यांनी एवढंच सांगितलं की कानसेनला माइक घेऊन जंगलात पाठवतोय. तो अस्सल आवाज आणेल. मग चॅनलच्या बाई येतील, अस्सल आणि नक्कल दोन्ही ऐकतील आणि ठरवतील. अस्सल पसंत पडलं तर तळघराची गरज उरणार नाही.

"आणि माझी?"

धाकट्या साहेबांनी गाजराची जुडी उचलून बाजूला ठेवली.

घरी ही बातमी सांगितली तेव्हा यजमानांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं, आवाज न करता. सासूबाई मात्र उठून बसल्या. बाईंची प्रत्येक फिल्म त्या टीव्हीच्या अगदी पुढ्यात बसून, आवाज शेवटच्या टोकाला नेऊन बघायच्या. कानांनी साथ सोडली होती, जिभेने नाही.

"म्हणजे तू आता दिवसभर घरी?"

"झालं तर तसंच."

"देवा," सासूबाई म्हणाल्या, आणि त्या उद्गारातलं दुःख अगदी अस्सल होतं.

कानसेन परत आला तो उन्हाने काळवंडून, अंगभर गोचिडांच्या खुणा घेऊन. तळघरात बसून त्याने चहा ओतून घेतला आणि कैफियत मांडली.

"बाई, आपण तरसांना फुकट बदनाम केलंय. आपण त्यांना चोर म्हणून हसवतो ना, हीऽऽ हीऽऽ करून? ती बिचारी रात्रभर पळून स्वतःची शिकार स्वतः करत होती. सिंह आला आणि घेऊन गेला."

"आणि मग झोपला असेल."

"तुम्हाला कसं कळलं?"

"तू हत्तीचं सांग."

कानसेनने कप खाली ठेवला. "मी गवतात माइक लावून बसलो होतो. डुलकी लागली. डोळे उघडले तर समोर पाय. चार. मग आणखी चार. सगळा कळप माझ्या बाजूने गेला, बाई, आणि मला ऐकू आला नाही. मला! ज्याला नळाचं गळणं दोन खोल्यांपलीकडून ऐकू येतं!"

"झोपला होतास, म्हणून."

"मग हे ऐका." त्याने हेडफोन त्यांच्या कानांवर चढवले.

बाईंनी ऐकलं. गवताची सळसळ. सुपासारख्या कानांची फडफड. मध्येच खोल कुठेतरी घुमल्यासारखं, कानापेक्षा बरगड्यांनाच कळावं असं काहीतरी. पावलं नाहीत. त्यांनी टेप पुन्हा लावायला सांगितली. मग पुन्हा. उमेदीची सगळी वर्षं त्या धप्पमध्ये गेली होती. कोपऱ्यातल्या वाळूच्या पिशव्या ओशाळून बसल्यासारख्या दिसत होत्या.

"हरले रे," त्या म्हणाल्या. "तो धाकटा खरं बोलतोय."

चॅनलच्या बाई आल्या त्या दिवशी तळघर झाडून घेतलं होतं. त्यांचे उंच टाचांचे बूट दाराबाहेर काढायला लावले तेव्हा त्या दचकल्या, पण आत येऊन खुर्चीवर टेकल्या. धाकट्या साहेबांच्या शर्टाला घडी पडली नव्हती. त्यांनी आधी अस्सल चित्ता लावला. पडद्यावर मादी उंचवट्यावर चढली, इकडेतिकडे बघितलं, तोंड उघडलं. चिव. चिव.

चॅनलच्या बाईंनी खोलीत चिमणी शिरलीय का ते बघितलं.

"हे काय आहे?"

"हा खरा आवाज. चित्ता पिल्लांना—"

"अहो, मुलं हसतील. खरा लावा ना."

"मॅडम, हाच खरा."

"मग दुसरा खरा लावा."

बादलीतला चित्ता लावला. चॅनलच्या बाई खुर्चीत मागे रेलल्या, दंडावर हात फिरवला आणि म्हणाल्या, "याला म्हणतात जंगल! बघा, काटा आला." तरसांचंही तेच झालं. खरं तरस हाड फोडत होतं ते त्यांना 'प्लॅस्टिकसारखं' वाटलं; गाजर ऐकून मात्र त्यांनी शहारून तोंड फिरवलं. कानसेन, ज्याने त्या खऱ्या हाडासाठी गोचिडांना रक्त पाजलं होतं, भिंतीकडे बघत उभा राहिला. धाकट्या साहेबांच्या शर्टाला आता घामाचे डाग पडले होते. इतकं सगळं खरं असून माणूस इतका तोंडघशी पडू शकतो, हे त्यांना कुठल्याही वर्गात शिकवलं नव्हतं.

"आता हत्ती," चॅनलच्या बाई म्हणाल्या. "टेप नको. ह्या बाईंना करताना बघायचंय. हत्ती जमला तर आपलं ह्यांच्याशी पक्कं."

बाईंनी पिशव्या उचलल्या. जिंकल्यातच जमा होतं. समोर पडद्यावर कळप आला. पुढे म्हातारी हत्तीण, हत्तींच्या घरात कारभार तिचाच असतो. वाटेत हाडं पडली होती, त्यांच्यातल्याच कुणाची तरी. म्हातारी थांबली. सगळे थांबले. तिने सोंडेच्या टोकाने कवटी चाचपली, दातांच्या खोबणीत सोंड घातली, मग वळून मागचा पाय उचलला आणि त्या हाडांवरून हलकेच फिरवला, जणू अंधारात कुणी पांघरूण सारखं करतंय.

बाईंचे दोन्ही हात वर. वाळू तयार. चॅनलच्या बाई पुढे झुकलेल्या.

आणि हाडमोडेबाईंच्या मनात आलं, इथे धप्प केलं तर ते मयताच्या घरात भांडी आपटल्यासारखं होईल.

नोकरी जाईल, हेही त्याच क्षणी मनात आलं. सासूबाईंचा 'देवा'ही ऐकू आला. हात दुखायला लागले. म्हातारीचं पाऊल खाली आलं, टेकलं, पसरलं.

बाईंनी पिशव्या हळूच खाली ठेवल्या. वाळलेल्या गवताची पेंडी घेऊन ती बोटांनी चाळवली. कानांसाठी जुनी चामड्याची पर्स एकदाच, अगदी सावकाश, फडफडवली. बाकी काही केलं नाही. रेकॉर्डिंगच्या खोलीत गेलेल्या कानसेनने काचेपलीकडून डोळे मोठे करून हाताने विचारलं, पावलं? त्यांनी नकारार्थी मान हलवली. धाकट्या साहेबांचा श्वास अडकलेला स्पष्ट ऐकू आला. तो पुढे फिल्ममध्ये तसाच राहिला. कळप एकेक करून हाडांवरून सोंड फिरवत निघून गेला.

दिवे लागले. चॅनलच्या बाई रुमालाने डोळे टिपत होत्या.

"पावलं," त्या म्हणाल्या. "काय पावलं काढलीत हो! प्रत्येक पाऊल इथे, छातीत बसलं. तुम्ही ते हाताने करता?"

धाकट्या साहेबांनी बाईंकडे बघितलं. बाईंनी धाकट्या साहेबांकडे. ज्यांना खरं सांगायची एवढी हौस होती, त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि मूग गिळले.

"हो," बाई म्हणाल्या. "हातानेच."

चॅनलच्या बाई गेल्यावर धाकटे साहेब हत्तीच्या लाकडी खोक्यावर टेकले. मग म्हणाले, "निदान चिवचिव तरी कुठेतरी घालू या?"

"घालू. चित्त्याच्या मागे, झाडावर. लोकांना पाखरू वाटेल."

फिल्म लागली त्या दिवशी सासूबाई नेहमीसारख्या पडद्याला नाक लावून बसल्या. आवाज एवढा मोठा की समोरच्या इमारतीतले लोकही तरसाला घाबरले असतील. चित्ता झाला, गाजर झालं. ("कोवळं होतं. चांगलं.") मग हत्ती आले आणि घरात एकदम शांत झालं. सासूबाईंनी रिमोट घेतला, बटण दाबलं, आणखी दाबलं. टीव्हीच्या कडेवर थाप मारली. म्हातारी हत्तीण कवटीशी उभी होती. सासूबाईंचा हात थापेच्या पवित्र्यात तसाच राहिला. कळप निघून जाईपर्यंत त्यांनी तो खाली घेतला नाही.

मग त्या वळल्या.

"ह्या हत्तीच्या दिवशी तू कामावर गेली नव्हतीस?"

बाई चमकल्या. चॅनलच्या बाईंनी फिल्म बघितली, अख्ख्या चॅनलने बघितली, सगळ्यांना पावलं ऐकू आली. न झालेला आवाज फक्त एका बहिऱ्या म्हातारीने पकडला.

"गेले होते, आई. हत्तीच्या पावलांचा आवाज होत नाही."

"मग तू काय केलंस?"

"काही नाही. आवाज होऊ दिला नाही."

"आणि त्याचा पगार देतात?"

"देतात."

सासूबाईंनी खुर्चीकडे नजर टाकली. तिथे त्यांचे चिरंजीव पोटावर हात ठेवून, ना घोरत ना हलत, निवांत झोपले होते.

"मग ह्याला का नाही घेऊन जात?"