छ्या मिस्त्री

गाडी समोर येऊन उभी राहिली की आमचा मिस्त्री आधी तोंड वाकडं करायचा आणि म्हणायचा, “छ्या.” नमस्कार ना चमत्कार. काय बिघडलं ही चौकशीसुद्धा त्यानंतर. हा ‘छ्या’ कधी लांबलचक, कधी तुटक, कधी नुसता नाकातून यायचा, पण आल्याशिवाय राहायचा नाही. आदिलाबादेत कापूस बाजाराच्या मागच्या रस्त्यावर त्याची बांबूच्या तट्ट्याची टपरी होती. मराठी, तेलुगू, उर्दू अशा तिन्ही बोलींची गिऱ्हाइकं तिथे यायची आणि सगळ्यांना हा एकच शब्द पुरायचा. त्याचं खरं नाव आम्ही कुणी कधी विचारलं नाही. पाठीमागे सगळे त्याला छ्या मिस्त्री म्हणत आणि ते त्याला ठाऊक होतं.

मिस्त्री असून त्याला घाणीची किळस होती. दर गाडीनंतर तो आधी रॉकेलने आणि मग साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचा. हत्यारं धुतलेल्या जुन्या लुगड्यावर ओळीने मांडलेली असत. कुणी सहज एखादा पाना उचलून पाहिला, तर त्या माणसाच्या देखत तो पाना पुसून परत जागेवर ठेवायचा. डब्यातल्या भाजीत मीठ कमी पडलं तरी छ्या, टपरीसमोर बैल बसला तरी छ्या. पेंटरने पाटी तेलुगूत रंगवून दिली होती, ती याला वाचता येत नव्हती, म्हणून त्या पाटीलाही रोज सकाळी एक छ्या मिळायचा.

पण खरी किळस होती ती गाडी वापरणाऱ्यांची. आणि ती चुकीची नव्हती हे मी आज सांगतो. आमच्या गावात तेव्हा नव्यानेच मोटरसायकली येत होत्या आणि लोक त्यांचे काय काय हाल करायचे! क्लचच्या तारेला लिंबू-मिरची बांधायचे, मग क्लच दबला नाही की बोंब मारायचे. दौऱ्यावरून आले की तापल्या इंजिनावर बादलीभर गार पाणी ओतायचे. चेन पोटासारखी लोंबली तरी तिला तेलाचा थेंब दाखवायचे नाहीत आणि टाकी मात्र खोबरेल लावून चमकवायचे. एकाने पूजेचा हार हेडलाइटला तसाच ठेवला, तो चाकात गुंडाळला आणि गडी तोंडावर आपटला. मिस्त्रीने आधी चाकातली झेंडूची फुलं एकेक करून काढली, मग त्या माणसाच्या फुटलेल्या ओठाकडे पाहिलं. छ्या दोघांना मिळून एकच होता.

त्याची तपासणी प्लगपासून सुरू व्हायची. गाडीवाला आपली कहाणी सांगत असताना हा प्लग काढून उजेडात धरायचा. तपकिरी असला तर ठीक, पांढरा असला तर गाडी तापतेय, काळा आणि ओला असला तर तेल जास्त. तेव्हाच्या त्या गाड्यांना पेट्रोलमध्येच मापाने तेल मिसळावं लागायचं. कलेक्टर कचेरीतला एक कारकून शपथेवर सांगत होता की मी मापानेच टाकतो. प्लग मात्र काजळासारखा. शेवटी कारकून कबूल झाला की नवी गाडी आहे, अंगी लागेल म्हणून तो दुप्पट तेल घालत होता. सायलेन्सर काजळीने गच्च भरला होता. मिस्त्री त्याला म्हणाला, “माणूस खोटं बोलते, प्लग नाई बोलत.” हे वाक्य पुढे मला फार महागात पडायचं होतं.

आता माझ्याकडे येतो. मी शाळामास्तर. आमचं घर बौद्धांचं, वडिलांची उभी हयात दुसऱ्याच्या शेतात राबण्यात गेली. मी मास्तर झालो त्याचा त्यांना अभिमान होता, पण मी मोटरसायकल घेतली तेव्हा ते ओट्यावर बसून रडले. आमच्या वस्तीतलं ते पहिलं इंजिनाचं वाहन. रोज सकाळी ते आपल्या खांद्यावरच्या शेल्याने ती पुसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, माझा पोरगा गाडी लय जपते. आपल्या मुलाच्या हातून काही वाईट होऊ शकतं हे त्या माणसाच्या डोक्यातच नव्हतं. याचं सुख होतं तेवढंच ओझंही होतं.

नवी गाडी पहिले हजार किलोमीटर चाळिसाच्या पुढे न्यायची नाही, हे मला दुकानात सांगितलं होतं. मी आज्ञाधारक. चौथ्या गिअरमध्ये पंधराच्या वेगाने शाळेत जायचो. इंजिन खोकायचं, गचके द्यायचं, आणि मला वाटायचं मी तिला किती जपतोय. मिस्त्रीने मला टपरीवरून जाताना पाहिलं आणि रस्त्यावर येऊन थांबवलं. जो छ्या निघाला तो समोरच्या पानवाल्यानेही ऐकला. मग त्याने मला शिकवलं. हळू चालवायची म्हणजे वरच्या गिअरमध्ये रांगवायची नाही, वेगाप्रमाणे गिअर बदलायचा. एकाच वेगाने फार वेळ ओढायची नाही. अर्ध्या तासाने थांबून इंजिन थंड होऊ द्यायचं. मी जरा शिष्टपणे विचारलं, एवढं सोवळं कशाला? तो म्हणाला, “नवी चप्पल घालून कोणी नागपूरले पायी जाते काय, मास्तर? आधी घरातल्या घरात घालते, मंग बाजारात. पिस्टनचं बी तसंच हाय. नवा हाय, तापला का फुगते. फुगला का चिपकते.”

चप्पल राहिली बाजूला, मला गाडीनेच नागपूरला जायचं होतं. दसरा आला होता. वडील दरवर्षी वस्तीने भाड्याने ठरवलेल्या ट्रकमध्ये उभं राहून दीक्षाभूमीला जायचे आणि या वर्षी त्यांना मुलाच्या गाडीवर बसून जायचं होतं. मीटरवर जेमतेम अडीचशे किलोमीटर झाले होते. जाण्याआधी दोन दिवस गाडी उभ्या उभ्या बंद पडायला लागली म्हणून मी ती मिस्त्रीकडे नेली. त्याने कार्बुरेटरचा स्क्रू अर्धा फेरा फिरवला, इंजिन सुरळीत झालं. कुठे निघालात म्हणून त्याने विचारलं. मी सांगितलं. त्याचं तोंड आंबलं. बसने जा म्हणाला. मी म्हटलं, वडिलांची इच्छा आहे. तेव्हा त्याने माझ्याकडून कबूल करून घेतलं की चाळीस ओलांडणार नाही आणि दर अर्ध्या तासाला थांबेन.

पैनगंगा ओलांडली तरी मी शब्द पाळत होतो. वडील मागे पांढऱ्या स्वच्छ धोतरात ताठ बसले होते. दोनदा थांबलो, इंजिन थंड केलं, त्यांनी चटणी-भाकर खाल्ली. पांढरकवड्याच्या पुढे आमच्या वस्तीचा ट्रक मागून आला. सगळी ओळखीची माणसं, निळे झेंडे, बाया गाणी म्हणत होत्या. ट्रक शेजारून गेला तेव्हा कुणीतरी ओरडलं की मास्तर, बैलगाडी बरी होती. सगळे हसले. वडिलांनी माझ्या खांद्यावर नुसता हात ठेवला. तेवढं मला पुरे झालं. मी गाडीचा कान पिळला. पन्नास, साठ, सत्तर. ट्रक मागे पडला, वडिलांनी शेला काढून हवेत हलवला, आणि मी वीस-पंचवीस मिनिटं तसाच सुटलो. मिस्त्रीचा शब्द दोन-तीनदा आठवला. खोटं कशाला सांगू, मी तो डोक्यातून काढून टाकला.

वडकीच्या अलीकडे इंजिनाने एक कर्कश किंकाळी मारली आणि मागचं चाक जागच्या जागी बसलं. आम्ही घसरलो, पण पडलो नाही. पिस्टन चिकटला होता. दहा मिनिटांत तो ट्रक आला. सगळे खाली उतरले, भोवती कोंडाळं करून काय झालं, कसं झालं विचारू लागले. वडीलही माझ्या तोंडाकडे पाहत होते. आणि माझ्या तोंडून सहज, अगदी तयार असल्यासारखं निघालं, “मिस्त्रीनं कार्बुरेटर कसून ठेवलं. त्यानं बिघडवली.”

गाडी ट्रकमध्ये भाकरीच्या गाठोड्यांमध्ये आडवी टाकली. ती दीक्षाभूमीला गेली खरी, पण अशी झोपून. मी तिथे हात जोडून उभा होतो आणि माझी मलाच शिसारी येत होती. तरी तोंड उघडलं नाही. परत येईपर्यंत ट्रकमधल्या प्रत्येकाच्या तोंडी मिस्त्रीचा उद्धार होता.

तिसऱ्या दिवशी गाडी ढकलत मी टपरीवर नेली. मला एकट्याला जायचं होतं, पण वडील सोबत आले. त्यांना त्या माणसाला जाब विचारायचा होता. मिस्त्रीने इंजिन खोललं, पिस्टन बाहेर काढला, रॉकेलने धुतला आणि उजेडात धरला. चारही अंगांनी उभे ओरखडे होते. कुठल्या वेगाने, किती वेळ, सगळं त्यावर लिहिलेलं होतं आणि त्याला ते माझ्या हजेरीपटापेक्षा स्वच्छ वाचता येत होतं. वडील म्हणाले, “माह्या पोरानं फुलावानी जपली होती. तुमचा हात लागला अन् मेली. खरं का खोटं?”

मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं. मी त्या लुगड्यावरचे पाने मोजत होतो. मग त्याने वडिलांकडे पाहिलं, त्यांच्या त्या रडवेल्या, रागावलेल्या तोंडाकडे, आणि म्हणाला, “खरं हाय, काकाजी. माह्याच हातानं झालं.” त्याने गाडी आठ दिवसांत उभी करून दिली. त्या दिवशी त्याच्या तोंडून छ्या निघाला नाही. झेंडूच्या फुलांना मिळाला, बैलाला मिळाला, पाटीला मिळाला, मला मिळाला नाही.

पुढचं सांगायलाही घाण वाटते. वडिलांनी ते मिस्त्रीचे शब्द वस्तीत सांगितले, आता तर त्याने स्वतःच कबूल केलं होतं. आमच्या समाजातल्या मास्तरांनी, कारकुनांनी गाड्या दुसरीकडे न्यायला सुरुवात केली. आमची माणसं तुटली, मग त्यांच्या ओळखीची तुटली. लोकांना एरवीही त्याच्या वाकड्या तोंडाचा राग होताच, त्यांना आयतं कारण मिळालं. वर्षभरात टपरी बंद झाली. तो बेल्लमपल्लीला मेहुण्याकडे गेला, तिथे खाणीतल्या कामगारांच्या गाड्या दुरुस्त करतो असं कानावर आलं. तो गेला त्या दिवशी मी शाळेत मुलांना सत्यावर धडा शिकवत होतो. असा मी.

गाडी मात्र मी त्याने सांगितल्यासारखी ठेवली. मापाने तेल, दर आठवड्याला चेन, महिन्याला प्लग. हळूहळू मलाही त्याची खोड लागली. विद्यार्थ्याची मळकी वही दिसली की छ्या, साहेबाची सही वाकडी आली की छ्या. बायको म्हणायची, हे काय नवीन लागलं तुम्हाला? वडील आणखी सात वर्षं जगले. शेवटच्या आजारातही ते येणाऱ्याला सांगत होते की पोरानं गाडी जपली, मिस्त्रीनं मारली. मी त्यांच्या उशाशी बसून पाणी पाजायचो आणि उद्या सांगू म्हणायचो. तो उद्या आला नाही.

ते गेल्यानंतर वर्षभराने परीक्षेच्या ड्युटीवर मी बेल्लमपल्लीला गेलो, मुद्दाम गाडी घेऊन. खाण-कामगारांच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर त्याची टपरी सापडली. केस पांढरे झाले होते, लुगड्यावर हत्यारं तशीच ओळीने. त्याने मला ओळखलं. गाडीभोवती फिरला, चेन दाबून पाहिली, प्लग काढून उजेडात धरला. तपकिरी होता. तो नुसती मान हलवून “चांगली ठेवली” म्हणाला.

मी एका दमात बोलून टाकलं की त्या दिवशी मी सत्तरने गेलो होतो, ट्रकच्या पुढे राहायला. तो म्हणाला, “तवाच मालूम होतं.” मी विचारलं, मग स्वतःवर काऊन घेतलं? त्याने प्लग जागेवर बसवला, हात धुतले, पुसले. “तुमचा बाप उभा होता नं तिथं. मले वाटलं, बापासमोर कोण्या पोराचं तोंड कायले काळं करा. घरी गेल्यावर तुमी तुमच्या तोंडानं सांगसान.” मग त्याने सहज विचारलं, “काकाजीले सांगतलं मंग कधी?”

मी म्हटलं, नाही सांगितलं. ते गेल्या वर्षी गेले.

मिस्त्री थांबला. माझ्याकडे नीट, खालपासून वरपर्यंत पाहिलं, गंजलेल्या चेनकडे पाहायचा तसं. तोंड वाकडं झालं.

“छ्या,” तो म्हणाला, आणि पुन्हा हात धुवायला गेला.