उकिरड्यावरून दिसणारा गुरू

नेरे गावात आमच्या घराभोवती जे काही मोकळं होतं, त्यावर काकांनी काँक्रीट ओतलं. भातखाचरं विकली, तिथे टॉवर आले. उरलेल्या जागेत भाड्याच्या खोल्या झाल्या. घरामागचा एक तुकडा तेवढा मातीचा राहिला, कारण तिथे पूर्वी गोठ्याचा उकिरडा होता आणि काकांनाही उकिरडा भाड्याने देण्याची युक्ती अजून सुचली नव्हती. माझी दुर्बीण तिथे उभी राहायची.

एवढी गच्ची असताना तिथे का, असं सगळे विचारत. ग्रहाचा फोटो एका क्लिकमध्ये निघत नाही. दुर्बिणीला कॅमेरा लावून व्हिडिओ घ्यायचा, त्यातल्या हजारो फ्रेम्समधून बऱ्या तेवढ्या निवडायच्या आणि कॉम्प्युटरवर एकावर एक रचायच्या. पण दिवसभर तापलेला स्लॅब संध्याकाळभर ऊब सोडत राहतो, वरची हवा लटपटते आणि गुरू उकळत्या पातेल्यातल्या बटाट्यासारखा दिसतो. माती लवकर निवते. हे मी काकांना कधी समजावलं नाही. मी घरात लागेल तेवढंच बोलते. त्यातही एखादा इंग्रजी शब्द निसटला की काका ओरडतात, "पिच्चरमधी लिवत्यात तसं मॅडमच्या खाली मराठीत लिवून दाखवा रं कुनीतरी!"

जानेवारीत एका संध्याकाळी हवा अगदी थांबली होती. त्या दिवशी गुरूचे पट्टे आले, तांबडा डाग आला, आणि त्याच्या एका चंद्राची सावलीसुद्धा आली, टाचणीच्या टोकाएवढी काळी. दोन वर्षं मी याचीच वाट पाहत होते.

आठवड्याने पेव्हिंग ब्लॉकचा टेम्पो आला. भाडेकरूंच्या गाड्यांसाठी मागे पार्किंग करायचं ठरलं होतं.

मी गच्चीवरचा एक आणि मातीवरचा एक असे दोन फोटो प्रिंट केले, तीन वाक्यं पाठ केली आणि काकांच्या चहाशेजारी फोटो ठेवले.

"ह्यो गच्चीवरला?"

"हो."

"आन् ह्यो मागनं? लई भारी हाय की गं! आपल्या हितनं दिसतंय हे?"

"हो. काका, तिथे माती आहे म्हणून—"

"अवो, तिला पुरतं बोलू द्या की," काकू आतून म्हणाल्या.

"फोटूच बोलतोय, तिनं कशाला बोलायचं?" फोटो खिशात घालून काका उठले.

मला वाटलं, जिंकले.

तिसऱ्या दिवशी ब्लॉक बसले. फाटकावर फ्लेक्स लागला. हात जोडलेले, गॉगल घातलेले काका आणि त्यांच्या डोक्यामागे, देवाच्या फोटोत असतं तसं, तेज म्हणून माझा गुरू. खाली मजकूर: 'खोल्या भाड्याने मिळतील. प्रशस्त पार्किंग. येथून ग्रह दिसतात.'

रविवारी एक आयटीतलं जोडपं खोली बघायला आलं. ते मागे नेमके माझा ट्रायपॉड असायचा तिथेच थांबले. ऊन उतरलं होतं, तरी ब्लॉकची धग चपलेतून कळत होती.

"खरंच दिसतो का इथून?" तिने विचारलं.

"त्यो फोटू आमच्या मॅडमनीच काडलाय. इचारा की तिला," काका म्हणाले.

पाठ केलेली तिन्ही वाक्यं तयार होती. ती कामाची राहिली नव्हती.

"दिसायचा," मी म्हणाले. "आता इथे तुमची गाडी लागेल."

काका सगळ्यांत मोठ्याने हसले. खोली त्या दोघांनी घेतली. गाडी पांढरी आहे, आणि रोज बरोबर तिथेच लागते.