ॲग्नेसपुढची मेणबत्ती

वसईच्या आमच्या चर्चमध्ये, हातात कोकरू घेतलेल्या संत ॲग्नेसच्या मूर्तीपुढे शेजारच्या फिलूमावशी लेकीला घेऊन उभ्या होत्या. मेणबत्ती लावून म्हणाल्या, "माझ्या पोरीचं या वर्षी जमू दे गं!"

माझं प्रार्थनेतलं लक्षच उडालं. लग्नाला नाही म्हणाली म्हणून जिला कोवळ्या वयात मारून टाकलं, तिच्याचकडे आम्ही पिढ्यान् पिढ्या जावई मागतोय. तिला संत केलं, हार घातले. तिचं 'नाही' मात्र कुणी ऐकलंच नाही का?

मावशी पुढच्या मूर्तीकडे वळल्या. लेक तिथेच थांबली. तिने आईची मेणबत्ती फुंकर घालून विझवली, शेजारच्या ज्योतीवर पुन्हा पेटवली. या वेळी ओठ तिचे हलत होते.