दुसऱ्या उजेडातला फोटो

माझी धाकटी बहीण फोटो काढते, आणि माझ्यापेक्षा चांगले काढते. हे कबूल करायला मला चार वर्षं लागली. अजूनही लिहिताना पोटात दुखतंच.

स्टुडिओ माझा. मागचा निळा पडदा मी लावला, उंच दिवे मी आणले, पासपोर्ट फोटोपासून शाळांच्या वर्गफोटोंपर्यंत सगळी कामं मी मिळवली. बारकी म्हणाली, "दादा, घरी बसून कंटाळा येतो. काउंटरवर बसू का?" बस म्हटलं. सहा महिन्यांत बाईसाहेब काउंटर सोडून कॅमेऱ्यामागे!

तिची सगळी मिजास फ्लॅशवर. मी कॅमेरा ऑटोवर ठेवतो. अंधार असला तर तो आपणहून फ्लॅश मारतो, नसला तर गप्प बसतो. ही मात्र भर उन्हात मुद्दाम फ्लॅश मारणार.

"सूर्य कमी पडला का गं तुला?" मी एकदा विचारलं.

"टोपीच्या सावलीत डोळे काळे पडतात ना रे. ते उजळायचे."

आणि मेले उजळले! गिऱ्हाईक फोटो धरून बघतच राहिलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. उलट खिडकीपाशी एखाद्या आजी बसल्या की ही फ्लॅश साफ बंद करणार, आणि आजींच्या सुरकुत्यासुद्धा देखण्या दिसणार. पुढे पुढे लोक दारातूनच विचारायला लागले, "ताई आहेत का?" मी समोर ढिम्म उभा. ताई जेवायला गेल्यात म्हटलं, तर "मग नंतर येतो."

तरी मी गिळलं. पण शाळेच्या मुख्याध्यापिका निवृत्त होणार होत्या आणि त्यांचा एक मोठा फोटो हॉलमध्ये कायमचा लागणार होता. त्या शाळेचे फोटो अठरा वर्षं मी काढतोय. तो फोटो माझाच होता. शाळेतून फोन आला, "ताईंना पाठवा."

मीही गेलो. स्टँड उचलायला!

बाई म्हणजे नाकावर माशी बसू न देणाऱ्या. अठरा वर्षांत मी त्यांचे दात पाहिलेले नाहीत. खुर्चीत ताठ बसत त्यांनी बजावलं, "एकच काढायचा. मला वर्गावर जायचंय."

"दादा, धर जरा," म्हणत बारकीने कॅमेरा माझ्या हातात दिला आणि ती बाईंचा पदर नीट करायला गेली. मी फ्लॅशचं बटण दाबून लाल डोळे टाळणारा मोड लावला. या मोडमध्ये आधी एक छोटा उजेड पडतो, बुबुळं आकसतात, आणि क्षणभराने खऱ्या फ्लॅशबरोबर फोटो निघतो. म्हणून आम्ही समोरच्याला आधीच सांगतो, उजेड दोनदा पडेल, दुसऱ्यापर्यंत हलू नका. नाही सांगितलं तर माणूस पहिल्या उजेडालाच उठतो नाहीतर नाक खाजवतो. मी कुणालाच सांगितलं नाही. तिचा एकमेव फोटो बिघडावा, एवढीच माझी इच्छा होती.

बारकीने परत येऊन कॅमेरा घेतला आणि बटण दाबलं. पहिला उजेड पडला. बाईंनी श्वास सोडला, खांदे सैल केले आणि दारातल्या शिपायाला म्हणाल्या, "सुटले बाई एकदाची!" आणि चक्क हसल्या. तेवढ्यात दुसरा उजेड पडला.

कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा स्वतःचा हसरा चेहरा बाई बराच वेळ बघत राहिल्या. "मी अशी दिसते?" त्यांनी हळूच विचारलं. मग म्हणाल्या, "हाच लावा."

बाहेर व्हरांड्यात बारकीला पडद्यावर त्या मोडची डोळ्याची खूण दिसली. "दादा, मोड तू बदललास?"

मी खाली वाकून स्टँडचे पाय मिटायला लागलो.

"तरीच! एरवी बाई हसल्याच नसत्या. पहिला उजेड पडून गेल्यावरच त्या मोकळ्या होतील, हे तुला ठाऊक होतं ना? मला नसतं रे सुचलं. अठरा वर्षांची ओळख तुझी." तिचे डोळे भरून आले होते.

मी "हो" म्हणालो.

ती तशीच आत पळाली आणि फोटोखाली माझं नाव घालायला सांगून आली. आता लोक माझं कौतुक करतात. तिचं हे मोठं मनसुद्धा मला खुपतं, तिच्या फोटोंपेक्षा जास्त. दरवर्षी त्या हॉलमध्ये वर्गफोटो काढायला जातो, तेव्हा मुलांना मी अशा बाजूला उभं करतो की तो फोटो लावलेली भिंत माझ्या पाठीमागे राहील.