विमानातली एक जागा

आमच्या थोरल्या आईला कारणं सांगायची सवय नव्हती. थोरली आई म्हणजे माझी चुलती. चुलते तरुणपणीच गेले, तेव्हापासून नेवाशाकडचं शेत तिनंच सांभाळलं. विहीर कुठं खणायची, कोणता बैल विकायचा, हे ती एका वाक्यात सांगायची आणि कामाला लागायची. कुणी का म्हणून विचारलंच, तर म्हणायची, "मला तसं वाटतं म्हून."

तिचा एकुलता एक दत्तू फौजेत होता. एकाहत्तरचं युद्ध थांबलं, आम्ही निर्धास्त झालो आणि मग तार आली. दत्तू जबर जखमी होऊन दिल्लीच्या लष्करी इस्पितळात पडला होता. मी तेव्हा नगरला नोकरीत होतो. थोरली आई, दत्तूची बायको सिंधू आणि माझे वडील तडक माझ्या खोलीवर आले.

रेल्वेनं दिल्ली गाठायला दीड दिवस लागणार होता. मुंबईहून विमान दोन तासांत पोचवत होतं. वडिलांच्या मुंबईतल्या स्नेह्यांनी धडपड केली, पण दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानात जागा मिळाली ती एकच.

"वैनी, तुमी निघा," वडील म्हणाले. "मुंबईपर्यंत मी येतो सोबतीला."

"सिंधू जाईल."

"आवो, तुमी आई हाय त्याची."

"मी त्याला जल्मापासून बघितलाय. हिच्या वाट्याला निसत्या दोन रजा आल्यात."

थोरल्या आईनं दिलेलं कारण मी आयुष्यात तेवढंच ऐकलं.

सिंधू रडायला लागली. "आत्याबाई, मला इमानाचं भ्या वाटतं."

"बसून तर ऱ्हायचंय," थोरली आई म्हणाली आणि स्वतःची शाल तिच्या खांद्यावर टाकली.

वडील सिंधूला घेऊन एस.टी.नं मुंबईला गेले. थोरल्या आईला घेऊन मी मनमाडमार्गे निघालो. दुसऱ्या दिवशी खांडवा मागं पडलं तेव्हा तिनं विचारलं, "आता उतरली आसंल का रं?"

"कधीच. इस्पितळात पोचलीसुद्धा असेल."

"मंग पानी दिलं आसंल तिनं त्याला," असं म्हणून तिनं भाकरीचं फडकं सोडलं. घरून निघाल्यापासून तिनं काही खाल्लं नव्हतं.

आम्ही पोचलो तेव्हा सिंधू इस्पितळाच्या व्हरांड्यात एकटीच उभी होती. दत्तू पहाटे गेला होता.

"बोलला का तुझ्याशी?"

"व्हय."

थोरल्या आईनं मान हलवली. पुढं काही विचारलं नाही.

गावात पुष्कळ बोललं गेलं. आईनं जायचं हुतं, पोराचं तोंड तरी दिसलं असतं, असं जवळचेही म्हणाले. सिंधू माहेरी गेली नाही. दोघींनी मिळून शेत केलं.

थोरली आई अंथरुणाला खिळली तेव्हा मी भेटायला गेलो होतो. सिंधू तिचे पाय चेपत होती. एकाएकी ती म्हणाली, "आत्याबाई, त्यांनी तवा तुमाला विचारलं हुतं. आई कुठं हाय म्हनले. मी म्हनलं, बाहेर बसल्यात, डागदर एकालाच आत सोडत्यात. मंग ते निवांत झोपले. जाता जाता मी त्यांना फसवलं."

थोरल्या आईनं सिंधूचा हात हातात घेतला.

"फसवलं न्हाईस. बाहेरच हुते मी. आत यायलाच निगाले हुते."