साखळी तपासायला बसवलेली बाई

"हिला बसवा आधी. साखळी तुटायची असेल तर हिच्या वेळी तुटू दे."

छोटे शेठ असं म्हणाले तेव्हा माझा हात सुपात होता. जळगावच्या एका डाळमिलमध्ये मी तूर निवडते. बारा वर्षं झाली. आम्ही बारा जणी रांगेनं गोणपाटावर बसतो, खडे वेगळे, काळे दाणे वेगळे. छोट्या शेठचं बोट रांगेवरून फिरत आलं आणि माझ्यावर थांबलं.

त्या दिवशी मोठ्या शेठची एकसष्टी होती. मिलच्या अंगणात मांडव, खुर्च्या, पाहुणे. गूळतुला ठेवली होती. एका पारड्यात शेठ, दुसऱ्यात गुळाच्या ढेपा, आणि तो गूळ मग गोशाळेला. आता मिलमध्ये सगळं वजन बटणाच्या काट्यावर होतं, पण तुलेला तराजू लागतो. म्हणून गोदामातून जुना, साखळीला टांगायचा मोठा तराजू काढला होता. पारडी म्हणजे लाकडी फळ्या. साखळीला गंज. मोठे शेठ भारी अंगाचे. कुणाला तरी भीती वाटली, शेठ पडले तर?

"मावशी, या. तुम्ही वजनानं पप्पांच्या बरोबरीच्या दिसता."

छोटे शेठ माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठेच असतील. तरी मी मावशी.

माझ्या शेजारी मंगला बसते. ती हळूच म्हणाली, "जाऊ नको व." पण मी उठले. का उठले, हे मी नंतर स्वतःला खूप वेळा विचारलं. बारा वर्षं हाक आली की उठायची सवय झालेली. डोक्यानं विचार करायच्या आधी पाय निघतात.

फळीवर मांडी घालून बसले. दोन्ही हातांनी साखळी धरली. पारडं धपकन जमिनीला टेकलं. मांडववाले हसले. आचारी हसले. ऑफिसातले दोघे कारकून हसले, आणि त्यातल्या एकानं मोबाईल वर केला.

ढेपा ठेवायला नाना होते. नाना आमच्या मिलचे मापाडी, सत्तरीला टेकलेले. आमच्याकडे मापाडी मोजताना 'एक' म्हणत नाही. पहिल्या मापाला 'लाभ' म्हणायचं, मग दोन, तीन. नाना फुटक्या चुरीचं पोतं मोजतानाही लाभच म्हणायचे. भुसा असला तरी लाभ. बारा वर्षांत त्यांच्या तोंडून 'एक' मी ऐकला नव्हता.

नानांनी पहिली ढेप उचलली. छोट्या शेठकडे पाहिलं. पारड्यात ठेवली आणि म्हणाले, "एक."

मग सगळा मांडव त्यांच्याबरोबर मोजायला लागला. दोन. तीन. चार. पोरंसोरं टाळ्या वाजवून मोजत होती. नववी ढेप ठेवली आणि मी हवेत उचलली गेले. साखळी टिकली. छोटे शेठ ओरडले, "चला, पास!"

मला उतरवलं. फळी ओल्या फडक्यानं पुसून घेतली. मग तिच्यावर गादी घातली, गादीवर पांढरी चादर, साखळीला झेंडूच्या माळा. मोठे शेठ बसले. नानांनी खणखणीत आवाजात म्हटलं, "लाभ!"

त्यांनाही नऊच ढेपा लागल्या.

तेवढंच वजन. पण शेठचं अंग भरदार, खाल्ल्यापिल्ल्या घरचं, तेजस्वी. माझं अंग जाड. पाहुण्यांतला कुणी तरी म्हणाला, "पगार तर बेताचा असेल. मग हिच्या अंगावर डाळ मिलचीच दिसते." पुन्हा हसणं. रोज संध्याकाळी फाटकावर आमची झडती होते. पदर झटकून दाखवायचा, डबा उघडून दाखवायचा. बारा वर्षांत माझ्याकडे एक दाणा सापडला नाही. आणि त्या दिवशी माझं अंगच चोरीचा माल ठरलं. घरी आमचं वरण इतकं पातळ असतं की ताटात थांबत नाही, हे कुणाला सांगणार?

शेवटी त्यातला थोडा गूळ प्रसाद म्हणून वाटला. प्रत्येक कामगाराला एक खडा. माझी पाळी आली तेव्हा शेठाणीबाईंनी हात मागे घेतला. "तुला नको गं बाई. आणखी वाढशील."

मी हसले.

हे सांगताना लाज वाटते, पण खरं ते खरं. पारड्यात बसले तेव्हाही मी हसत होते आणि गूळ नाकारला तेव्हाही हसले. गरीब माणूस हसून घेतं. समोरच्याचा विनोद वाया जाऊ देत नाही.

तो व्हिडिओ दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या मोबाईलवर होता. आमच्या वस्तीत आला, माझ्या माहेरी शिंदखेड्याला गेला, आणि माझ्या पोरीच्या शाळेतही पोचला. पोर आठवीत. माझ्याच हाडापेराची, रुंद खांद्यांची. शाळेच्या कबड्डीत तिनं पाय धरला की समोरची पोरगी हलत नसे.

संध्याकाळी मी भाकरी टाकत होते. ती चुलीपाशी येऊन बसली.

"माय, तू त्यामा हासस. कसाले हासस?"

का हसले ते शोधत मी तव्याकडे बघत राहिले. भाकरी करपली. तिनं ताट बाजूला सारलं. "माले भूक नही." दुसऱ्या दिवशी तिचा डबा तसाच परत आला. तिसऱ्या दिवशी कबड्डी सोडली. आठवड्यानं मला कळलं की वर्गातल्या पोरी तिला बघून मोजायला लागतात. एक, दोन, तीन. नऊपर्यंत.

मला राग यायला हवा होता. आला, पण स्वतःचा. मला वाटलं, हे सगळं माझ्या अंगानं केलं. मी बारीक झाले की सगळं मिटेल. पोरगी जेवेल, लोक गप्प बसतील.

मग मी झपाटले. सकाळचा चहा सोडला. दुपारची भाकरी अर्धी, रात्री नुसतं पाणी. कुणी म्हटलं लिंबू प्या, लिंबू प्यायले. कुणी म्हटलं मेथीचे दाणे खा, ते चावले. पहाटे उठून मेहरूणच्या तलावावर चालायला गेले. तिथं शहरातली माणसं चालतात, पांढरे बूट, कानात गाणी. मी साडीत आणि झिजलेल्या चपलांत. तिसऱ्या दिवशी एका बाईनं मला थांबवलं. चेहरा चांगला होता तिचा, वाईट मनाची नसेल. विचारलं, "कुणाकडे कामाला असतेस गं तू?"

मी चालायला आले असेन, हे तिच्या मनातच आलं नाही. परत गेले नाही मी तिथं.

घरात आता दोघी उपाशी. मी एका कोपऱ्यात, पोरगी दुसऱ्या. मी तिला म्हणायचे, जेव बाई. ती माझ्या ताटाकडे बघायची. तिला काय दिसत होतं ते मला कळत होतं, तरी मी भाकरी तोडत नव्हते. आई म्हणून याहून वाईट काही मी केलेलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात मी मिलमध्ये पडले. बसल्या जागीच पुढे कलंडले, तोंड तुरीत. शुद्धीवर आले तेव्हा मुकादम डोक्याशी उभा होता. म्हणाला, "तोंडातली डाळ थुंका, मावशी." मंगलानं त्याच्याकडे असं पाहिलं की तो दोन पावलं मागे सरला. तिनं मला रिक्षात घातलं आणि सरकारी दवाखान्यात नेलं.

तिथली डॉक्टर पोरसवदा होती. तिनं रक्त तपासलं, कागद पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"दिवसभर काय काम करता?"

"डाळ निवडते."

"बसून?"

"नऊ तास."

"मध्ये उठता?"

"जेवायला."

"पाणी किती पिता?"

हे कुणी कधी विचारलंच नव्हतं. मग सांगितलं. आमच्याकडे बायकांना एकच संडास आहे. त्याला कुलूप असतं आणि चावी मुकादमाच्या टेबलावर. दुसऱ्यांदा मागितली की तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतो, "परत? काय मावशी, नळ लावलाय का?" म्हणून आम्ही पाणी पीत नाही. नवीन बाई आली की तिला पहिल्या दिवशी हेच शिकवतो. खडा कसा ओळखायचा ते नंतर.

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. "तुमच्या अंगावर चरबी आहे आणि अंगात रक्त नाही. दोन्ही एकाच वेळी असू शकतं. उपाशी राहिलात तर आणखी पडाल. पोटभर जेवा. डाळ, भाजी, भाकरी. भरपूर पाणी प्या. आणि दर तासाला उठा, पाच मिनिटं चाला. गुडघे आत्ताच बोलायला लागलेत ना?"

तिनं हे सगळं कागदावर लिहून सही केली, शिक्का मारला.

परत येताना रिक्षात मी रडले. मंगलाला वाटलं दुखतंय. दुखत नव्हतं, संताप होता. बारा वर्षं मी समजत होते की माझं अंग हा माझ्या तोंडाचा गुन्हा आहे. मला बसवून कुणी ठेवलं? पाणी कुणी तोडलं? ज्यांनी नऊ नऊ तास जमिनीला खिळवलं, तेच मांडव घालून हसले. आणि त्यांना साथ म्हणून मीही हसले.

त्या संध्याकाळी मी पोरीच्या समोर बसून दोन भाकऱ्या खाल्ल्या. सावकाश, तिच्या डोळ्यांत बघत. अर्धी भाकरी तिनंही खाल्ली.

दुसऱ्या दिवशी मी आधी नानांकडे गेले. ते काट्यापाशी पोत्यावर बसले होते.

"नाना, भुसाले लाभ म्हनतस तुम्ही. माले एक कसाले म्हनात?"

नानांनी पोत्याची सुतळी बोटाला गुंडाळली. मग म्हणाले, "छोटा शेठनी सांगं व्हतं. लाभ मोठा शेठले ठेवा. पहिला लाभ वाया नको जावाले. मी काय करू, माय? त्यासनं खास."

त्यासनं खास. त्यांचं खातो. मी नानांवर रागावले नाही. मीही त्याच तोंडानं हसले होते.

रांगेत बसले. भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजले तशी सूप खाली ठेवलं आणि उभी राहिले. गुडघे कडकडले. अंगणाकडे चालायला लागले. मुकादम ओरडला, "कुठे?" मी डॉक्टरचा कागद त्याच्या टेबलावर ठेवला, चावी उचलली आणि निघाले. परत येऊन तांब्याभर पाणी प्यायले, सगळ्यांसमोर. अकराला पुन्हा उठले. माझ्याबरोबर मंगला उठली.

दुपारी छोटे शेठ खाली आले. मुकादमानं बोलावलं असणार. तेव्हा दोन वाजत आले होते.

"काय मावशी, व्यायाम चालू केला म्हणे? पप्पांना हरवायचंय का?" दोघे कारकून हसले. ते माझ्याकडे पाहत थांबले, मी हसायची वाट बघत.

मी हसले नाही.

किती साधी गोष्ट. पण हसणं आवरताना माझे गाल दुखले. छोट्या शेठचं हसू तसंच राहिलं आणि मग त्यांना ते कुठे ठेवावं कळेना.

घड्याळात दोन वाजले. मी उभी राहिले.

"खाली बसा."

"नाही शेठ. दर तासाला पाच मिनिटं. माझं पोतं दिवसाकाठी भरतं, ते मोजून घ्या. मी उठणार."

"आणखी कोण कोण आहे या नाटकात?" ते रांगेकडे वळून ओरडले. "मोजू द्या मला एकदा!"

मी नानांकडे पाहिलं. मग मोठ्यानं म्हटलं, "लाभ."

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. मिलचं यंत्र चालू होतं, तरी तो गोदामापर्यंत गेला. मग मंगला उठली. "दोन." पलीकडून तीन. चार म्हणणारी धुळ्याकडची नवीन सून होती, महिनाही झाला नव्हता तिला. आकडा सातवर थांबला. पाच जणी सुपात डोकं घालून बसून राहिल्या. मला त्यांचा राग नाही. त्यांच्या घरी काय आहे ते मला माहीत आहे.

छोटे शेठ म्हणाले, "सातही जणींना उद्यापासून बंद केलं तर?"

"उद्या आम्ही येऊ. हाकलायचं तर उभ्यानं हाकला."

ते गेले. अजून हाकललेलं नाही, पण हाकलतील. दुसऱ्या बायका शोधताहेत, असं कानावर आलंय. संध्याकाळची झडती आता आम्हा सात जणींचीच जास्त वेळ चालते.

लोक विचारतात, किती उतरलं? फार नाही. बहुतेक अजूनही नऊच ढेपा लागतील. जिना चढताना दम कमी लागतो, सकाळी पाय सुजलेले नसतात. मला हलकं व्हायचंय का? व्हायचंय. माझ्या गुडघ्यांसाठी व्हायचंय, दुसऱ्या कुणासाठी नाही. पोरगी डबा संपवते, पण कबड्डीला अजून गेलेली नाही. ती जखम माझ्या दोन भाकऱ्यांनी भरत नाही, हे मला कळतं. तिला मी एवढंच सांगितलंय, वर्गात कुणी 'एक' म्हणालं तर हसायचं नाही. मान खाली घालायची नाही. त्यांच्याकडे बघत उभं राहायचं.

शेठच्या घरी पुन्हा तुला होईल. छोट्या शेठची होईल, त्यांच्या पोराची होईल. साखळी गंजलेलीच असेल. ती त्यांनी स्वतः बसून तपासावी. त्या फळीवर मी बसणार नाही आणि माझी पोर बसणार नाही.

आणि उद्या दहा वाजता मी उठणार आहे. चावी टेबलावर असो की मुकादमाच्या खिशात.